अँपार्फेची रूपं तोंडपाठ, तरी परिच्छेद लाल का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रेंचची ए-२ परीक्षा तोंडावर आली आहे. अँपार्फेची (चालू असलेली किंवा सवयीची गोष्ट सांगणाऱ्या भूतकाळाची) रूपं क्रियापदांच्या तिन्ही गटांची पाठ आहेत, रिकाम्या जागा भरायला दिल्या तर एकही चुकत नाही. पण 'माझं बालपण' किंवा 'मागची सुट्टी' यावर दहा ओळी लिहिल्या की अँपार्फेच्या जागी पासे कोंपोझे (घडून संपलेली गोष्ट सांगणारा भूतकाळ) आणि पासे कोंपोझेच्या जागी अँपार्फे पडतो. ऐकताना ही दोन रूपं वेगळी काढता येत नाहीत. 'इंग्रजीत यूज्ड टू किंवा वॉज डुइंग आलं की अँपार्फे' हा क्लासमधला नियम लावूनही गाडी अडतेच.

मराठी विद्यार्थ्यांच्या फ्रेंच वह्या तपासण्यात माझा बराच काळ गेला आहे, त्यावरून सांगतो. तुमची अडचण रूपांची नाही, वाटेची आहे. तुम्ही मराठीत विचार करता, त्याचं इंग्रजी करता आणि मग इंग्रजीवरून फ्रेंच काढता. मराठीत जो फरक स्पष्ट असतो तो मधल्या थांब्यावर गळून पडतो. इंग्रजीतलं 'आय वेंट' म्हणजे 'मी गेलो' की 'मी जायचो', हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही. फ्रेंचला नेमकं तेच हवं असतं, आणि मराठीत ते क्रियापदातच असतं. म्हणून इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीवरून जायचं. अर्थात मराठीही काही ठिकाणी दगा देते. त्या जागा मोजक्या आहेत आणि खाली त्यांच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

उच्चारांबद्दल आधी एक खुलासा. खाली 'पार्ले' असं लिहिलं की शेवटचा ए बंद, तोंड फार न उघडता म्हणायचा. 'पार्लॅ' लिहिलं की तोंड जरा जास्त उघडायचं.

रूपांची उजळणी पटकन उरकू. वर्तमानकाळातलं 'नू'चं (आम्हीचं) रूप घ्यायचं, शेवटचं ओ-एन-एस काढायचं, उरतं ते मूळ. नू पार्लों (बोलणे) वरून पार्ल, नू फिनिसों (संपवणे) वरून फिनिस, नू व्हाँदों (विकणे) वरून व्हाँद. त्याला प्रत्यय लावायचे: ज (मी) आणि त्यू (तू) यांना ए-आय-एस, एकवचनी इल (तो), एल (ती) आणि ओं (आपण) यांना ए-आय-टी, नू ला आय-ओ-एन-एस, व्हू (तुम्ही) ला आय-ई-झेड, अनेकवचनी इल आणि एल (ते, त्या) यांना ए-आय-ई-एन-टी. दुसऱ्या गटात मधला 'इस' विसरून 'ज फिनॅ' लिहिणारे पुष्कळ भेटतात. 'नू'च्या रूपावरून गेलात तर ही चूक होणारच नाही, ज फिनिसॅ आपोआप येतं.

या रीतीला खरा अपवाद एकच, एत्र (असणे). त्याच्या 'नू सोम' या रूपात ओ-एन-एस नाहीच, म्हणून मूळ वेगळं: जेतॅ, इलेतॅ, नूझेत्यों. बाकी वर्तमानकाळात छळणारी क्रियापदं इथे गरीब गाईसारखी वागतात. नू आव्हों (जवळ असणे) वरून जाव्हॅ, नू फझों (करणे) वरून ज फझॅ, नू ब्यूव्हों (पिणे) वरून ज ब्यूव्हॅ. 'पाऊस पडतो' आणि 'करावं लागतं' यांच्या क्रियापदांना 'नू'चं रूपच नसतं, तेवढी दोन पाठ करून टाका: इल प्लव्हॅ आणि इल फालॅ.

स्पेलिंगच्या दोन खोड्या परीक्षेत गुण खातात. माँजे (खाणे) मध्ये जी नंतर ए हे अक्षर आलं तर जीचा उच्चार 'ग' होईल, म्हणून मध्ये ई घालतात. कोमाँसे (सुरू करणे) मध्ये त्याच कारणाने सीला खाली शेपटी येते. नू आणि व्हू यांच्या रूपांत प्रत्यय आय ने सुरू होतो, तिथे ना ई लागतो ना शेपटी. आणि एत्यूद्ये (अभ्यास करणे) सारख्या क्रियापदात मूळच आय वर संपतं, तेव्हा नू आणि व्हू च्या रूपात दोन आय शेजारीशेजारी येतात. दिसायला चुकीचं वाटतं, पण तेच बरोबर. घाबरून एक खोडलात तर तो वर्तमानकाळ होतो.

आता मुख्य मुद्दा, निवडीचा.

मराठीत भूतकाळ सांगायला आपल्याकडे साधारण चार साचे आहेत. 'मी गेलो, मी केलं' हा एक. 'मी जात होतो, मी करत होतो' हा दुसरा. 'मी जायचो, मी करायचो' हा तिसरा (जुन्या लिखाणातलं 'तो रोज येई, बसे, निघून जाई' हेही यातच धरा). आणि नुसतं 'होतो, होती, होतं' हा चौथा. पहिला साचा बहुतेक वेळा पासे कोंपोझे. उरलेले तिन्ही बहुतेक वेळा अँपार्फे. इंग्रजीत जे 'वेंट' दोन्हीकडे चालतं, ते मराठीत आधीच दोन खोक्यांत वेगळं ठेवलेलं असतं.

आणखी एक खूण हाताशी आहे. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागला तर गोष्ट सहसा घडून संपलेली असते. 'मारीने स्वयंपाक केला' आणि 'मारी स्वयंपाक करत होती' ही वाक्यं शेजारी ठेवा. फ्रेंचमध्येही तशीच जोडी होते:

काँ पॉल ए राँत्रे, मारी प्रेपारॅ ल दिने.
काँ पॉल ए राँत्रे, मारी आ प्रेपारे ल दिने.

पहिल्यात पॉल घरी आला तेव्हा मारीचा स्वयंपाक चालू होता. दुसऱ्यात पॉल आला आणि मग मारीने स्वयंपाक केला. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. शिक्षकाने लाल रेघ मारली असेल तर ती रूपाला नसून तुमच्या गोष्टीला आहे: तुम्हाला एक सांगायचं होतं आणि लिहिलं गेलं दुसरं. म्हणूनच 'इथे कोणता काळ येईल?' या प्रश्नाला मी एकटं वाक्य बघून सहसा उत्तर देत नाही. आजूबाजूला काय घडतंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. 'काल मी आजारी होतो' यासाठी 'जेतॅ मालाद' आणि 'जे एते मालाद' दोन्ही फ्रेंच लोक बोलतात. पहिल्यात माझी कालची अवस्था सांगितली जाते, दुसऱ्यात आजारपण ही घडून गेलेली एक घटना म्हणून मांडली जाते.

एक छोटा परिच्छेद जवळून बघू. अशा प्रकारचा मजकूर परीक्षेत तुम्हाला लिहायचा असतो.

काँ जेतॅ पतीत, नूझाबित्यों प्रॅ द्यून गार. मों पॅर राँत्रॅ व्हॅर सेतर ए नू दीन्यों आँसाँब्ल. अँ स्वार, इल ने पा राँत्रे. इल नेजॅ. मा मॅर रगार्दॅ पार ला फनेत्र. आ नव्हर, ल तेलेफोन आ सोने.

मराठीत: मी लहान होते तेव्हा आम्ही स्टेशनजवळ राहायचो. बाबा सातच्या सुमारास घरी यायचे आणि आम्ही एकत्र जेवायचो. एका संध्याकाळी ते आले नाहीत. बर्फ पडत होता. आई खिडकीतून बघत होती. नऊ वाजता फोन वाजला.

'घरी येणे' हे एकच क्रियापद दोनदा आलंय, एकदा अँपार्फेत आणि एकदा पासे कोंपोझेत. पहिल्यांदा ते रोजचं आहे, 'यायचे'. दुसऱ्यांदा त्या एका संध्याकाळचं, 'आले नाहीत'. बर्फ आणि आईचं बघणं मागे चालू आहे, कधी सुरू झालं आणि कधी थांबलं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. फोन मात्र एका क्षणी वाजतो आणि गोष्ट पुढे ढकलतो. तपासायची सोपी रीत अशी: अँपार्फेची सगळी वाक्यं हाताने झाकून टाका. उरलेल्या वाक्यांतून 'काय झालं' ते कळलं पाहिजे. इथे उरतं: एका संध्याकाळी ते आले नाहीत, नऊ वाजता फोन वाजला. सांगाडा उभा राहिला. तुमच्या परिच्छेदात असं झाकल्यावर काहीच उरत नसेल, तर एखादी घटना चुकून अँपार्फेत गेली आहे.

आता गंमत बघा. तिसऱ्या वाक्यात कोणी 'अँ स्वार, इल न राँत्रॅ पा' लिहिलं तर? मी ते कापणार नाही. त्याचा अर्थ होतो 'एका संध्याकाळी ते काही येईनात', म्हणजे वाट बघणं अजून चालू आहे. कथालेखक असं मुद्दाम करतात. मात्र परीक्षेत हे करायचं असेल तर पुढच्या वाक्याने ते पेललं पाहिजे.

इथवर मराठी आपल्या बाजूने होती. जिथे ती फसवते त्या जागा आता.

पहिली जागा, जिथे सगळ्यात जास्त गुण जातात: 'तिने निळा झगा घातला होता', 'तो कोपऱ्यात बसला होता', 'मला भूक लागली होती', 'बाळ झोपलं होतं'. मराठीत रूप 'केलं होतं' या जातीचं आहे, म्हणून विद्यार्थी सरळ प्ल्यू-क-पार्फे (त्याहूनही आधी घडलेल्या गोष्टीचा भूतकाळ) लिहितात: एलाव्हॅ मी, म्हणजे 'तिने आधी घातला होता'. पण आपल्याला सांगायची आहे ती त्या वेळची अवस्था, अंगावर काय होतं ती. फ्रेंच अवस्थेला अँपार्फे देतं: एल पोर्तॅ यून रॉब ब्ल. तसंच इलेतॅ आसी, जाव्हॅ फँ, ल बेबे दोर्मॅ. स्वतःला विचारा: 'त्या क्षणी फोटो काढला असता तर हे फोटोत आलं असतं का?' निळा झगा आला असता, बसलेला माणूस आला असता, झोपलेलं बाळ आलं असतं. मग अँपार्फे.

दुसरी जागा उलट दिशेची. 'तो दहा वर्षं लियोंमध्ये राहत होता', 'काल दिवसभर पाऊस पडत होता', 'मी दोन तास वाट बघत होतो'. मराठीत 'राहत होता' अगदी सहज येतं, आणि कालावधी लांब असल्यामुळे अँपार्फे बरोबरच वाटतो. पण फ्रेंच लांबी बघत नाही, कुंपण बघतं. दहा वर्षं, दिवसभर, दोन तास अशी सुरुवात-शेवट असलेली मुदत सांगितली की गोष्ट बंदिस्त झाली: इला आबिते दीझाँ आ लियों. इला प्ल्यू तूत ला जूर्ने. जे आताँद्यू दझर. मुदत काढून टाका आणि नुसतं 'तेव्हा तो लियोंमध्ये राहत होता' म्हणा, लगेच इलाबितॅ आ लियों. फक्त 'दप्वी' (पासून) आला तर सांभाळा. 'गाडी आली तेव्हा मी दोन तासांपासून वाट बघत होतो' यात दोन तास आहेत, पण वाट बघणं त्या क्षणी चालूच आहे, म्हणून जाताँदॅ दप्वी दझर. इथे मराठीतला 'पासून' तुम्हाला वाचवतो.

तिसरी जागा 'मला वाटलं'. मराठीत हे घडून गेल्यासारखं, 'गेलो-केलं'च्या साच्यात येतं. फ्रेंचमध्ये 'मला वाटलं तू घरी आहेस' साठी ज क्र्वायॅ किंवा ज पाँसॅ म्हणतात, कारण ते मत काही काळ डोक्यात होतं. 'जे पाँसे' लिहिलंत तर त्या क्षणी मनात विचार आला असा सूर लागतो. याच कुळातलं 'माहीत होतं' आणि 'कळलं': ज साव्हॅ आणि जे स्यू. ही जोडी मात्र मराठीत आणि फ्रेंचमध्ये तंतोतंत जुळते.

आणि 'मजा आली'. मराठीत ती येते आणि संपते, फ्रेंचमध्ये सहलीच्या शेवटी अभिप्राय देताना 'सेतॅ स्यूपेर' असा अँपार्फेच म्हणतात. 'सिनेमा आवडला' म्हणायचं असेल तर मात्र जे बिएँ नेमे, म्हणजे पासे कोंपोझे. याला फार तर्क लावत बसू नका, दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लक्षात ठेवा.

या तीन-चार जागा सोडल्या तर चार साच्यांचा नियम तुम्हाला क्वचितच खाली पाडेल.

खुणेच्या शब्दांबद्दल माझं मत जरा कडू आहे. 'रोज, नेहमी, वारंवार आलं की अँपार्फे. काल, अचानक आलं की पासे कोंपोझे' अशी यादी जवळजवळ प्रत्येक क्लासमध्ये देतात. सुरुवातीला ठीक, पण परिच्छेद लिहिताना तीच यादी घात करते. 'मला ते नेहमीच आवडत आलंय' हे फ्रेंचमध्ये 'जे तूजूर एमे सा' असतं, नेहमी असूनही पासे कोंपोझे. 'काल पाऊस पडत होता' यात काल असूनही 'इएर, इल प्लव्हॅ' पूर्ण बरोबर. शब्द न बघता क्रियापदाकडे बघा. आकडा आला तर मात्र थोडी मदत होते. 'मागच्या वर्षी तीनदा पॅरिसला गेलो' हे मोजून संपलेलं, पासे कोंपोझे. 'वर्षातून तीनदा पॅरिसला जायचो' ही सवय, अँपार्फे.

भूतकाळाशी थेट संबंध नसलेले अँपार्फेचे दोन उपयोगही तुम्हाला भेटतील. एक अदबीचा: ज व्हूलॅ व्हू दमाँदे. यात मराठी माणसाला शिकवण्यासारखं काही नाही, 'मला जरा एक विचारायचं होतं' असं आपणही वर्तमानातच म्हणतो. दुसरा 'सी' (जर) नंतरचा: सी जाव्हॅ ल ताँ, ज व्हिएँद्रॅ. इथे मराठी पाय ओढते. 'वेळ असता तर आलो असतो' यात दोन्ही तुकड्यांत 'अस' आहे, म्हणून विद्यार्थी दोन्हीकडे कोंदिस्योनेल ('आलो असतो'सारखं रूप) लावतात. 'सी' च्या तुकड्यात अँपार्फे आणि दुसऱ्यात कोंदिस्योनेल, याला पर्याय नाही. फ्रेंच मुलंही ही चूक करतात, आणि त्यांना 'ले सी नेम पा ले रॅ' असं घोकवतात, म्हणजे 'सी'ला 'रॅ' (कोंदिस्योनेलचा शेवट) आवडत नाही. बोलताना 'ए सी ओं पार्तॅ?' ऐकलंत तर तो भूतकाळ नाही, 'निघूया का?' असं विचारलंय.

आता ऐकण्याची तक्रार. पार्लॅ आणि पार्ले यांतला फरक तुम्हाला ऐकू येत नाही यात तुमच्या कानाचा दोष नाही. दक्षिण फ्रान्समध्ये पुष्कळ जण शब्दाच्या शेवटी तो फरक करतच नाहीत. त्यामुळे शेवट ऐकायचा सोडून सुरुवात ऐका. 'ज पार्लॅ' आणि 'जे पार्ले', 'इल पार्लॅ' आणि 'इला पार्ले': सगळा फरक साहाय्यक क्रियापदात आहे. ते ऐकू आलं तर पासे कोंपोझे. क्रियापद 'आ' ने सुरू होत असेल तर अवघड जातं. 'इलाबितॅ' आणि 'इला आबिते' हे भराभर बोलताना जवळजवळ एकच होतं, तिथे संदर्भावरच विसंबावं लागतं.

लिहिताना उलटी पंचाईत होते. ए-आय-एस, ए-आय-टी आणि ए-आय-ई-एन-टी, म्हणजे सहापैकी चार रूपं, कानाला एकच. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक अँपार्फेचा कर्ता शोधून त्यावर बोट ठेवायची सवय लावा, विशेषतः कर्ता अनेकवचनी नाम असेल तर. हे ए-आय तरी तसं अलीकडचं. पूर्वी ही रूपं ओ-आय ने लिहीत, आणि फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात ए-आय स्वीकारलं ते 1835 च्या आवृत्तीत. जुन्या छापाची पुस्तकं चाळताना विचित्र स्पेलिंग दिसलं तर दचकू नका.

परीक्षेला किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलं नाही, त्यावर पुढचं ठरेल. वेळ कमी असेल तर नवे तक्ते करू नका. तुमचे लाल झालेले जुने परिच्छेद काढा, प्रत्येक क्रियापदाखाली मराठी रूप लिहा: यायचे, येत होते, आले, घातला होता, वाटलं. चुका कुठल्या साच्यात दाटल्या आहेत ते लगेच दिसेल. बहुतेकांच्या 'घातला होता' आणि 'दहा वर्षं राहत होता' या दोनच रांगांत निघतात. वेळ हाताशी असेल तर सोप्या फ्रेंच गोष्टी वाचा. पुस्तकी गोष्टींत पासे कोंपोझेच्या जागी पासे सँप्ल दिसेल, त्याची रूपं आत्ता शिकायची गरज नाही, पण त्याच्या शेजारचा अँपार्फे अगदी तुमच्यासारखाच वागतो.

आणि 'नू'च्या रूपांची फार धास्ती घेऊ नका. बोलताना फ्रेंच लोक बहुतेक वेळा 'ओं' वापरतात, ओं पार्लॅ, ओं माँजॅ, आणि तोंडी परीक्षेत तुम्हीही तेच केलंत तर कोणी हरकत घेणार नाही. लेखी उत्तरात मात्र एकदा 'नू' धरलंत की शेवटपर्यंत 'नू'च ठेवा. मधेच 'ओं' वर उडी मारलेली तपासणाऱ्याला लगेच दिसते.